सोरवाईचा नैवेद्य

शाहूपुरीत जोतीराम सोनुल्यांचा पत्ता विचारलात, तर वयस्क माणसं म्हणतील, "जोती पेंटर व्हय? पुढं जावा पावणं, पत्र्याचं शेड दिसंल, बाहेर ट्रक उभा असतोय बघा." तरणी पोरं मात्र म्हणतील, "देववाले काका व्हय?" ज्या माणसाच्या घरात दोन पिढ्या देव्हारा नाही त्यालाच देववाला म्हणायचं, म्हणजे उलटीच गंगा. पण कोल्हापुरात एकदा नाव पडलं की ते आधार कार्डावरच्या नावापेक्षा टिकाऊ असतं, आणि जोतीरामनंही ते कधी पुसायला घेतलं नाही.

पुसायला घेतलं असतं तर त्याच्या आईनं. धोंडुबाईंनी ऐंशी ओलांडली तरी आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला, आणि घरातले टाक, मूर्ती, परडी सगळं एका टोपलीत भरून पंचगंगेत सोडलं. टोपली परकरातल्या धोंडुबाईंच्या डोक्यावर होती. "काय जड व्हती म्हणून सांगू," असं त्या अजून सांगतात. "पाण्यात सोडली आन मान हलकी झाली. तवापासनं मी मान वर करून चालतोय." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात, आणि धोंडुबाईंना ते शोभूनही दिसतं.

अशा बाईच्या पोरानं एके दिवशी सायकलच्या कॅरिअरला बांधून ढीगभर देव घरी आणले.

जोतीराम तेव्हा विशी-बाविशीत होता. नंबर प्लेटा, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फाळक्यांवरची चित्रं, जे मिळेल ते रंगवायचा. नक्कल करायला नवी चित्रं लागत, म्हणून रद्दीवाल्याकडं चक्कर असायची. तिथं एका गठ्ठ्यात त्याला जुनी इंग्रजी मासिकं सापडली. कव्हरवर आग ओकणारे राक्षस, परशू घेतलेले दाढीवाले बुटके, पंखांचे घोडे. कुणाचा तरी परदेशात शिकलेला पोरगा टाकून गेला असावा. जोतीरामनं गठ्ठा उचलला तो चित्रांसाठी, पण डिक्शनरी घेऊन मजकूर लावायला बसला तेव्हा कळलं की हा सगळा एक खेळ आहे. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले वीर, चोर, जादूगार व्हायचं, आणि पुष्कळ कोनांचे फासे टाकून कुणाचं काय झालं ते ठरवायचं. नियमांचं पुस्तक मात्र वेगळं होतं आणि ते काही गठ्ठ्यात नव्हतं. लग्नाला जाऊन नुसता बँड ऐकून परत यावं, तशी गत झाली.

पण मासिकांत देव होते. जवळजवळ दर अंकात कुणीतरी नवा देव रचलेला असायचा. नाव, खूण, रंग, हत्यार, भक्त कोण, जन्माची कथा, आणि शेवटी ताकदीचे आकडे. किती मार बसला की हा देव मरतो, तेही छापलेलं. मग पुढच्या अंकात वाचकांची पत्रं यायची की अमक्या देवाला फार ताकद दिलीय, जरा कमी करा. संपादक मुकाट्यानं कमी करायचा. ते वाचून जोतीराम एकटाच पोट धरून हसला. त्याच्या पणजोबांना देवळाच्या पायरीवर पाय ठेवता आला नव्हता, आणि इथं हे देव असे की ज्यांना पत्र टाकून दुरुस्त करता येतं. असले देव त्याला मनापासून आवडले. यांच्या देवळात कुणाला मज्जाव नाही, कारण देऊळच नाही.

धोंडुबाईंनी चित्रं उलटीपालटी करून बघितली. "हे कुणाचं देव?"

"कुणाचंच न्हाईत आई. खोटं हैत. खेळाय केल्यात."

"मग ऱ्हाऊ देत," त्या म्हणाल्या. "खरं म्हणून आणलं असतंस तर चुलीत घातलं असतं."

जोतीरामची त्या मासिकांबद्दल एकच तक्रार होती. या लोकांना देव करता येतो, पण त्याचा संसार मांडता येत नाही. इतकं सगळं लिहायचं आणि नैवेद्य काय ते लिहायचं नाही? जत्रा कधी, माहेर कुठलं, रुसला तर कशानं खूश होतो, यातलं काहीच नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे कसं चालावं? म्हणून तो पेन्सिल घेऊन समासात भर घालू लागला. समुद्राच्या देवाला सुक्या बोंबलाची चटणी लावून दिली. वादळाच्या देवाचं आजोळ धुवांधार पावसाच्या गगनबावड्याला काढलं. चोरांच्या देवीला नैवेद्य ठेवला तो शेजारच्या घरचा. एकाच देवीपाशी पेन्सिल अडली. तिचं नाव सोरवेना.

सोरवेना ही वाट चुकलेल्यांची देवी. हातात कंदील आणि एक पाय अनवाणी. कुणी वाट चुकलेला दिसला की ती आपल्या पायातला एक जोडा काढून त्याला देते, आणि तो जोडा घातलेला पाय आपोआप घराकडं वळतो. माणूस घरी पोचतो, आणि देवी उरलेल्या जोड्यावर लंगडत पुढच्याला शोधायला निघते. हिला काय वाढायचं? ही एका जागी बसतेय कुठं जेवायला? जोतीरामनं पुष्कळ डोकं चालवलं आणि ती जागा कोरी ठेवली.

पुढं फ्लेक्स आले, पाट्यांचं काम गेलं, पण ट्रकवाले जोतीरामला चिकटून राहिले. त्यांच्या फाळक्यांवर तो मोरांच्या आणि कमळांच्या जोडीला हळूच एखादा देव काढायचा. सांगलीचा एक ड्रायव्हर कित्येक वर्षं समुद्राच्या देवाला उदबत्ती ओवाळूनच गाडी काढत होता. केरळाकडचा कुणीतरी देव असावा, अशी त्याची समजूत. जोतीरामनं त्याला खरं सांगून बघितलं, तर तो म्हणाला, "आसू दे की. टायर फुटला न्हाय अजून."

अशी सगळी गंमत चाललेली. ती गमतीच्या पलीकडं गेली एका गणपतीत.

गल्लीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष अमरसिंह. मंडळ तरुण, अध्यक्ष पन्नाशीचा. सगळ्या पेठांनी तेच ते ऐतिहासिक देखावे केल्यावर त्याला काहीतरी वेगळं हवं होतं. "जोत्या, लोकांनी तोंडात बोटं घातली पायजेत, असं काय तरी काढ," तो म्हणाला. जोतीराम इतकी वर्षं मंडळाचे पडदे रंगवत होता. ते काम आहे, भक्ती नव्हे, असा धोंडुबाईंचा निवाडा केव्हाच झालेला होता. त्यानं मासिक काढून सोरवेना दाखवली आणि अमरसिंह तिच्या कंदिलावर भाळला.

बिद्रीच्या कारखान्याकडून उसाचं चिपाड आणलं, त्यावर कागदाचा लगदा चढवला, आणि बघता बघता दीड पुरुष उंच देवी उभी राहिली. बूट घातलेली देवी कोल्हापुरात शोभणार नाही म्हणून जोतीरामनं तिच्या एका पायात कोल्हापुरी चप्पल घातली. अमरसिंहनं स्वतःच्या आवाजात कथा रेकॉर्ड केली. कुस्तीच्या मैदानात निवेदन करणारा माणूस तो, त्यामुळं देवी चप्पल देते ते ऐकताना ती फेकून मारते असंच वाटायचं. जोतीरामनं आपल्याकडून खबरदारी म्हणून ठळक अक्षरात पाटी लिहून पुढं लावली: ही देवी काल्पनिक आहे, कृपया पूजा करू नये.

दुसऱ्या दिवशी लोकांनी देवीला हळदकुंकू वाहिलं आणि पाटीला हार घातला. त्र्यंबोली देवीची टेंबलाई करणारं हे गाव, सोरवेनाची सोरवाई व्हायला कितीसा वेळ लागणार? ओट्या आल्या, नारळ आले. जोतीराम रोज हार काढायचा, लोक रोज नवा घालायचे. अमरसिंह खुशीत होता. जोतीरामलाही, खोटं कशाला बोला, आतून गुदगुल्या होत होत्या.

विसर्जनानंतर मांडव उतरवला. नारळ पोरांनी फोडून खाल्ले, आणि देवी जोतीरामच्या शेडमध्ये कोपऱ्यात येऊन उभी राहिली. तिच्या पायाशी फुलांच्या कचऱ्यात त्याला एक चप्पल मिळाली. खरी, कातड्याची, पुरुषाची, डाव्या पायाची. फारशी वापरलेली नव्हती. तिच्यावरचा लाल गोंडा कुत्र्यानं कुरतडलेला होता.

नारळ कुणीही ठेवतो, पण कुणाची तरी एकच चप्पल आणून ठेवणारं माणूस गंमत करायला आलेलं नसतं. अमरसिंहच्या रेकॉर्डवरची कथा कुणीतरी मनावर घेतली होती. कुणाचं तरी माणूस हरवलंय, आणि घरच्यांनी ते गाऱ्हाणं आपण चिपाडात उभ्या केलेल्या बाईपुढं घातलंय. जोतीरामला स्वतःची लाज वाटली. दोन पिढ्या देवाच्या नावानं कुणी फसू नये म्हणून धडपडलेलं घर, आणि आपण खेळता खेळता कुणाला तरी फसवून बसलो. चप्पल टाकून देववेना. त्यानं ती रंगाच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवली.

तोवर अमरसिंह नवीन टूम घेऊन आला. "जोत्या, लोकं इचारत्यात. कोपऱ्यावर बारकं देऊळ बांधूया सोरवाईचं."

आतून धोंडुबाई बाहेर आल्या. "माझ्या बापानं देव पाण्यात सोडलं, ते काय तुम्ही नव्यांचा कारखाना काढावा म्हणून? पळ इथनं." अमरसिंह चहाचा कप तसाच ठेवून पळाला आणि देवळाचा विषय तिथंच मिटला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी शेडच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, केसात सुताचे बारीक तंतू. "पावणं," तिनं विचारलं, "सोरवाईचं देऊळ कुठंशी हाय? मंडळाच्या पोरांनी हिकडं लावून दिलं."

बाईचं नाव बनाबाई. कबनूरची. घरात यंत्रमाग. थोरला पोरगा राजवीर बापाबरोबर मागावर काम करायचा. बापाशी त्याचं भांडण झालं, बाप बोलू नये ते बोलला, आणि पोरगा पायातल्या स्लिपरवर घर सोडून गेला तो वर्ष उलटून गेलं तरी आलेला नव्हता. चुलतभावाच्या लग्नाला घेतलेली चपलांची जोडी घरीच राहिली. त्यातली एक तिनं सोरवाईला वाहिली होती.

जोतीरामनं हातातला ब्रश खाली ठेवला. देऊळ नाही एवढंच सांगून भागलं असतं, बाई हळहळून परत गेली असती. पण फळीवर ती चप्पल होती आणि तिच्याकडं पाठ करून खोटं बोलणं त्याला जमेना. त्यानं बाईला स्टुलावर बसवलं, कपाटातून मासिक काढलं आणि ते पान उघडलं. "मावशी, ही देवी खरी न्हाय. परदेशात कुणीतरी खेळासाठी रचली. मी तिला चिपाडाची केली. तुमची चप्पल माझ्यापाशी हाय, पर ती कुणाच्या पायाशी पोचलेली न्हाय. माझं चुकलं."

बनाबाईनं चित्र नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हायत हाय की मला. हार बाजूला करून पाटी वाचलीती मी."

"मग चप्पल कशाला ठेवलासा?"

"जोतिबाला जाऊन आलो. अंबाबाईची ओटी भरली. सगळीकडं ही रांग. माझ्यासारख्या किती जणी तितं, त्येंनी तरी कुणाकुणाचं बघावं?" ती कोपऱ्यातल्या देवीकडं बघत म्हणाली. "म्हटलं ही नवी हाय, खोटी हाय, हिच्याकडं कोण जातंय? हिला तरी येळ आसंल."

जोतीरामला हसूही आलं आणि डोळेही भरले. मासिकातल्या त्या देवांवर त्याचा इतकी वर्षं जीव होता, तो नेमका यासाठीच. कुणाच्याच मालकीचे नसलेले, कुणी न विचारलेले देव. ते कुणाला सांगायला गेलं तर लोक वेड्यात काढायचे, आणि ही बाई पहिल्या भेटीत तेच बोलून मोकळी झाली होती.

आतल्या दारात धोंडुबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नव्हतं. "येळ हाय गं हिला," त्या म्हणाल्या, "पर चिपाडाची बाई पोरगं हुडकाय जाणार कशी? कुठं गेलाय त्यो?"

"सुरतंकडं मागावर हाय म्हणत्यात. फोन बदललाय."

धोंडुबाई लेकाकडं वळल्या. "आन तू रे? रोज गाड्या रंगवतोस. त्या कुठं जात्यात?"

जोतीरामनं बाहेरच्या ट्रककडं बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याच्या शेडसमोरून साखर, गूळ, कापड भरून ट्रक कुठं कुठं जात होते आणि त्यांच्या पाठी त्याच्याच हातानं रंगवलेल्या होत्या.

त्या दिवसापासून शेडमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीच्या फाळक्यावर मोराच्या जागी चप्पल आली. एकच, डाव्या पायाची, कुरतडलेल्या लाल गोंड्यासकट. खाली अक्षरं: कबनूरच्या राजवीर, एक चप्पल शाहूपुरीत, एक आईपाशी. ये. ड्रायव्हर लोक आधी हसायचे, मग गोष्ट ऐकली की म्हणायचे, "मोठी काढा, लांबनं दिसाय पायजे." तो सांगलीवाला तर समुद्राच्या देवाला थोडं सरकवून घ्यायला तयार झाला. गडहिंग्लजकडचा एक भलताच राजवीर शेडमध्ये येऊन गेला. आपण कबनूरचे नाही हे त्याला ठाऊक होतं, पण नाव वाचून राहवलं नाही म्हणाला. जोतीरामनं त्याला चहा पाजला आणि त्याच्या आईला फोन करायला लावला.

गळीत हंगाम संपला तरी खरा राजवीर आला नाही. बनाबाईचा अधूनमधून फोन यायचा. ती काही विचारायची नाही, नुसती ख्यालीखुशाली. तेच जोतीरामला जड जायचं. बाई खोट्या देवीवर शहाणपणानं विसंबली होती, आता आपण तिला खऱ्या ट्रकांवर विसंबायला लावलं, आणि पोरगा आला नाही तर हे दुसरं फसवणं होईल, या विचारानं त्याचा हात जड व्हायचा. तरी तो चप्पल रंगवत राहिला. कोपऱ्यात सोरवाईच्या कंदिलाला कोळ्यानं जाळं केलं.

उन्हाळ्यात एका दुपारी बनाबाई आली. बरोबर एक उंच, काळवंडलेला पोरगा. तो दारातच थांबला आणि बाहेर उभ्या असलेल्या ट्रकच्या फाळक्याकडं बघत म्हणाला, "ह्योच गोंडा."

जोतीरामनं स्टूल पुढं सरकवलं.

"नाव वाचून आलो न्हाय मी," राजवीर सांगू लागला. "सुरतंत तीन-चार गाड्या बघितल्या. म्हटलं दुसरा कोण तरी राजवीर आसंल, कबनूरला काय कमी हैत? मग एक गाडी सिग्नलला पुढंच थांबली आन गोंडा दिसला. आमच्या मोत्यानं खाल्लेला. लग्नाच्या आदल्या दिवशी त्येला मी बडवला व्हता त्यासाठी." तो खाली बघत हसला. "मोत्याची आठवण आली आन मग सगळ्यांचीच आली."

बनाबाईनं पिशवीतून उजवी चप्पल काढली. घरी माळ्यावर पडून ती वाळली होती, टाच वर वळलेली, पट्टा कडक. जोतीरामनं फळीवरची डावी काढून राजवीरपुढं ठेवली. पोरानं उजवा पाय आत घालून बघितला, तो अर्ध्यातच अडला. मग डावा घातला. पाय लोण्यात जावा तसा आत गेला. कातडं मऊसूत, काळंभोर, तुकतुकीत.

सगळे त्या चपलेकडं बघत राहिले. बनाबाईनं कोपऱ्यातल्या देवीकडं बघितलं आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. जोतीराम गोंधळला. दोन्ही चपला एकाच जोडीतल्या, एकाच वयाच्या. एक वाळून लाकूड झाली आणि देवीजवळची अशी कशी राहिली? क्षणभर, अगदी क्षणभर, त्याचीही नजर देवीकडं वळली.

"तिच्याकडं काय बघतीस?" आतल्या दारातून धोंडुबाई म्हणाल्या. "एरंडेल हाय त्ये. दर आयतवारी मी लावतोय."

"तू?" जोतीराम म्हणाला. "कशाला गं आई?"

धोंडुबाईंनी पदरानं हात पुसले. एवढा मोठा आवाज त्यांचा, पण आता हळूच बोलल्या. "चामडं हाय, वाळणारच की. पोरगं आलं आन पायाला लागली तर?"

पोरगं येणार, हे त्या शेडमध्ये फक्त एका बाईनं धरून ठेवलं होतं. जोडलेले हात सोडून बनाबाई पुढं आली आणि तिनं धोंडुबाईंचे तेलकट हात आपल्या हातात घेतले. मग धोंडुबाईंनीच हात सोडवून घेतले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ती उजवी ठेवून जा. तेल पाजतो. पुढच्या आठवड्यात ने. आन बापाला बरुबर घेऊन ये, त्याला दोन शब्द सांगायच्यात."

राजवीर एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्या पायात जुनी स्लिपर घालून आईबरोबर एसटी स्टँडकडं निघाला. वळणापर्यंत तो जरासा लंगडत होता. जोतीराम दारात उभा राहून बघत होता.

मग त्यानं कपाट उघडलं, मासिक काढलं, आणि सोरवेनाच्या पानावर इतकी वर्षं कोरी ठेवलेल्या जागी पेन्सिलीनं लिहिलं: नैवेद्य, एरंडेल.

"काय लिहितोस रे?" धोंडुबाईंनी उजव्या चपलेवरची धूळ झटकत विचारलं.

"काय न्हाय," जोतीराम म्हणाला, आणि तेलाची बाटली आईच्या हाताशी सरकवली.